खुर्द्याचा हिशेब

मुलांच्या खेळात मोठ्यांनी तत्त्वज्ञान शोधू नये, असे म्हणतात, आणि ते बहुधा खरेही असते. तथापि गेल्या पौषात निफाड येथे, आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी, एक खेळ चालू असता कानी पडलेले एक वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून ते वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहो. निफाडची थंडी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तेथे पारा उतरला की वर्तमानपत्रांत त्या गावाचे नाव छापून येते, आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून वेलींना ऊब देतात. अशा रात्री दारे लावून घरात बसण्यावाचून गत्यंतर नसते. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या सुटीत घरी आला होता, त्याचा एक मित्र विंचुराहून आला होता, आणि दोघांनी जेवणाचे मेज मोकळे करून त्यावर दोन सैन्ये मांडली होती.

हा खेळ 'वॉरहॅमर' या नावाने १९८३ साली इंग्लंडात निघाला. यात पट नसतो, घरे नसतात. मेज हेच रणांगण, अंतर टेपने मोजायचे, आणि घाव लागला की हुकला हे फाशांनी ठरायचे. सैन्येही इतिहासातली नव्हेत. खुजे, राक्षस, मांत्रिक, चालते सापळे, पंखांचे अग्निमुखी सर्प अशी कल्पनासृष्टीतील पलटणे येथे समोरासमोर येतात. प्रत्येक शिपायाची किंमत गुणांत ठरलेली असते. दोघांनी आधी एक बेरीज ठरवायची, समजा दोन हजार, आणि तेवढ्यात ज्याने त्याने आपली फौज उभी करायची. एक पंखधारी सर्प घेतला तर शेकडो गुण एकट्यावर खर्च होतात. उलट अगदी हलका शिपाई दोन-चार गुणांत मिळतो. विंचूरच्या मित्राने थोडे पण बलाढ्य वीर निवडले होते. आमच्या भाच्याची सेना मूषकमानवांची होती, आणि तिच्या आघाडीस चाळीस दास उभे होते. हातात गंजलेली पाती, अंगावर चिंध्या, किंमत दरडोई दोन गुण.

या दासांचा उपयोग भाच्याने ज्या रीतीने केला तिचे कौतुक आम्ही लपवीत नाही. शत्रूचा सर्वांत मोठा राक्षस चालून येताच त्याने ही चाळिसांची दाट फळी त्याच्या वाटेत आडवी घातली. राक्षस प्रत्येक फेरीस पाच-सहा दास चिरडी, परंतु गर्दीच इतकी की फळी फुटेना. आणि तो तेथे रुतून बसला असता मूषकांचे खरे योद्धे सावकाश त्याच्या कुशीस येऊन पोचले. दुसऱ्या एका कोपऱ्यात दहा-बारांची टोळी त्याने मुद्दाम शत्रूच्या घोडेस्वारांपुढे तिरकी उभी केली. स्वार तिच्यावर तुटून पडले, टोळी पळाली, आणि पाठलागाच्या भरात स्वारांची बाजू उघडी पडली. शिवाय अशा हलक्या लोकांनी पळ काढला तरी बरोबरीच्या मानी पलटणींचा धीर खचत नाही, अशी सोय त्याच्याजवळच्या जुन्या नियमपुस्तकात आहे. नवखा खेळाडू नेहमी राक्षस आणि सर्प यांच्यामागे लागतो. दुबळ्यांकडून काम करून घेण्यास मात्र हिशेब लागतो, संयम लागतो, कोणास कोठे किती वेळ टिकवायचे याची अटकळ लागते. येथवर सर्व ठीक होते.

मग भाच्याने आपल्या तोफेचे तोंड त्या गर्दीकडेच वळविले. राक्षस आणि दास एकमेकांत मिसळून लढत होते, आणि त्या घोळक्यावर तो गोळा टाकू पाहत होता. आम्ही न राहवून म्हटले, "अरे, तुझीच माणसे आहेत ना तेथे?" त्याने पुस्तक उघडून दाखविले. इतर सैन्यांस हे करता येत नाही. मूषकांस, दासांच्या बाबतीत, तशी मुभा आहे. पान मिटून तो अगदी निर्मळ चेहऱ्याने म्हणाला, "मामा, ते मरण्याकरिताच आहेत."

मुलगा सुस्वभावी आहे. रस्त्यावरचे कुत्रे जखमी दिसले तर औषधाचा डबा घेऊन धावणाऱ्यांपैकी. शिवाय ज्यांच्याविषयी तो बोलला ते नखाएवढे रंगविलेले पुतळे; त्यांना वेदना नाहीत, घरे नाहीत, पाठीमागे रडणारे कोणी नाही. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक लहानसे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शेवटी अशी आशा व्यक्त केली की जो हे छोटे युद्ध मन लावून खेळेल त्यास मोठे युद्ध किती अडाणी आणि बेढब प्रकार आहे ते कळून येईल. पुढच्याच वर्षी मोठे युद्ध पेटले, हा त्या आशेचा दोष नव्हे. खेळास नीतीच्या कचेरीत आरोपी म्हणून उभे करणे आम्हांस हास्यास्पद वाटते. परंतु वाक्याची गोष्ट निराळी. खेळ मेजावर राहतो. वाक्य खोलीबाहेर जाते.

विंचूर हे गाव निफाड तालुक्यातलेच, आणि पेशवाईतील नामांकित सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळे इतिहासात प्रसिद्ध. त्या रात्री मेजापलीकडे विंचूरचाच मुलगा बसलेला असल्यामुळे म्हणा, तोफेचा विषय निघताच आम्हांस १४ जानेवारी १७६१ ची आठवण झाली. पानिपतावर इब्राहिमखान गारदी याच्या पायदळाने व तोफांनी रोहिल्यांस मागे रेटले, आणि त्याच वेळी विंचूरकर व दमाजी गायकवाड यांचे घोडदळ उतावळेपणाने ठरलेली रचना सोडून पुढे धावले, असे सांगतात. आपलेच स्वार पुढ्यात आल्यामुळे गारद्यांच्या तोफांस मारा आवरावा लागला, ही हळहळ त्या लढाईच्या कथनांत वारंवार येते. चूक कोणाची, हा वाद इतिहासकारांनी करावा. आमचे लक्ष दुसऱ्याच ठिकाणी जाते. गोलंदाजाचा हात थांबला, कारण समोर आपले स्वार होते. हा थांबलेला हात लष्करी दृष्ट्या हानिकारक असेल. पण त्या दिवशीच्या सगळ्या हानीत आम्हांस त्याच्याविषयी आदर वाटतो. आणि लागलीच मनात येते, त्याच्या समोर सरदारांचे स्वार नसून बुणगे असते, तर हात थांबला असता काय?

बुणगे म्हणजे फौजेबरोबरचे न लढणारे लोक: वाणी, भिस्ती, मोतद्दार, यात्रेकरू, बायकामुले. पानिपताच्या छावणीत त्यांची संख्या लढणाऱ्यांहून अधिक होती, आणि पराभवानंतर कत्तल व गुलामगिरी यांचा मोठा वाटा त्यांच्याच पदरी आला. त्यांची आठवण आपल्या भाषेने कशी ठेवली? 'बाजारबुणगे' ही शिवी करून.

याहून बोलके साक्षीपत्र दुसरे आहे. पानिपताचा निकाल दक्षिणेकडे कळविणाऱ्या सावकारी पत्राची गोष्ट मराठी घरात सर्वांस ठाऊक असते. त्यात भाऊसाहेब व विश्वासराव यांस मोत्यांची उपमा दिली होती, पडलेल्या सरदारांस मोहरांची. आणि बाकीचे सैन्य म्हणजे रुपये व खुर्दा, ज्याची गणती होण्याजोगी नाही असे म्हटले होते. पत्र सांकेतिक होते. वाटेत शत्रूच्या हाती पडले तर कळू नये म्हणून नाण्यांची भाषा योजिली. सावकारास दोष देण्यात अर्थ नाही. तरी संकेत सुचतो तो मनात आधीच असलेल्या समजुतीतून. मोती पेटीत ठेवतात, मोहर एकेक मोजून घेतात, खुर्दा मुठीने उचलून थैलीत टाकतात. पत्र वाचणाऱ्या पेशव्यास अर्थ क्षणात कळला, यावरूनच ती समजूत किती सर्वमान्य होती ते दिसते.

पण त्याच लढाईची दुसरी एक नोंद महाराष्ट्राने ठेवली आहे, आणि ती बायकांच्या तोंडची आहे. पानिपतात लाख बांगडी फुटली, असे आपण अजून म्हणतो. या हिशेबात मोती नाही, मोहर नाही, तांबे नाही. सरदाराची बायको असो की मोतद्दाराची, बांगडी फुटते ती सारख्याच आवाजाने. लाख हा आकडा मोजून काढलेला नसेल. पण मोजण्याचे एकक पाहा. आम्हांस वाटते, तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली जो भेद मोठ्या सायासाने मांडला, की वस्तूस किंमत असते, माणसास मात्र किमतीपलीकडची प्रतिष्ठा असते, आणि म्हणून माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये, तो भेद या बांगडीच्या हिशेबात कोणी न शिकविता उतरला आहे.

कांटच्या वाक्यातील 'केवळ' हा शब्द मात्र घाईने वाचणारे गाळतात. आपण सारेच एकमेकांची साधने आहो. टपालवाला आमचे, आम्ही विद्यार्थ्यांचे. सेनापतीने कोणासच धोक्यात घालायचे नाही असे ठरविले तर तो सर्वांसच धोक्यात घालील. तेव्हा दुबळ्यास कधी पुढे करूच नये, असा सोवळा नियम आम्ही सांगत नाही. प्रश्न आहे तो पुढे कसे करावे याचा.

बुद्धिबळात या प्रश्नाचे एक मजेदार उत्तर दडले आहे. सर्व मोहऱ्यांत प्यादे स्वस्त. त्याचा बळी देऊन डाव उघडणे हा खेळाडूंचा नित्याचा प्रकार. पण हत्ती परत येतो, उंट परत येतो, घोडा आडवातिडवा उडून परत येतो. परत फिरण्याची सोय नाही ती एकट्या प्याद्यास. एकदा टाकलेले त्याचे पाऊल कायमचे. म्हणून ज्याची किंमत सर्वांत कमी त्याच्या चालीस विचार सर्वांत जास्त लागतो. फ्रान्सच्या फिलिदोर या संगीतकार बुद्धिबळपटूने १७४९ सालच्या आपल्या ग्रंथात साऱ्या डावाचे मर्म प्याद्यांच्या मांडणीत आहे असे प्रतिपादिले, तेव्हा युरोपात ते नवलाचे वाटले. आपल्याकडील जुन्या देशी रीतीत प्यादे पलीकडच्या टोकास पोचले म्हणजे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्याचा दर्जा त्यास मिळे, आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. आमचे आजोबा प्यादेमात करण्याच्या हौसेने जिंकलेला डाव लांबवीत आणि कधीकधी घालवीतही. ही शौर्याची गोष्ट होती की वृद्धापकाळचा हट्ट, हे आमच्या आजीने फार पूर्वी ठरवून टाकले होते.

खऱ्या रणातले उदाहरण घ्यायचे तर १६६० च्या आषाढातले घ्यावे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले तेव्हा शत्रूस चकविण्यासाठी दुसरी पालखी निघाली. तीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद नावाचा न्हावी बसला होता, आणि ओळख पटताच त्याचा प्राण गेला, असे परंपरा सांगते. पुढे घोडखिंडीत बाजी प्रभू व बांदलांचे मावळे उभे राहिले आणि महाराज विशाळगडास पोचेपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही. कोरड्या दृष्टीने पाहिले तर ही आमच्या भाच्याचीच युक्ती आहे: बलाढ्य शत्रूच्या वाटेत थोड्या किमतीची माणसे आडवी घालायची, ती पडेपर्यंत जो अवधी मिळेल त्यात मोलाचे माणूस पलीकडे न्यायचे. मूषकदास आणि शिवा काशीद यांचे काम एकच.

मग भेद कोठे आहे? शिवाने आपण होऊन पत्करले, असे कोणी म्हणतील. असेल, पण राजापुढे नाही म्हणण्याची मोकळीक न्हाव्यास कितपत असते, हे स्वतःस विचारले म्हणजे या उत्तराने आमचे समाधान होत नाही. पुढे मान मिळाला, असेही म्हणतील. पन्हाळ्यास शिवा काशीदाची समाधी आहे; बांदलांस दरबारात तलवारीचे पहिले पान मिळाले म्हणतात. परंतु मान मिळाल्याने मरण परत घेता येत नाही. आम्हांस भेद दिसतो तो इतकाच की खिंडीत बाजी स्वतः उभा होता, आणि गडावर पोचल्याच्या तोफेची वाट पाहणारे जसे खिंडीत होते तसेच खिंडीत उरलेल्यांचा विचार करणारे गडाच्या वाटेवर होते. खर्च झाला, तो डोळ्यांदेखत झाला, आणि तो खर्च आहे हे करणाऱ्यास सलत होते. मूषकांच्या नियमपुस्तकाची करामत अशी की किंमत आधीच दोन गुण ठरविली, म्हणजे मागाहून काही सलण्याचे कारणच उरले नाही. निर्दयपणा तोफेत नाही. तो बाजारभावात आहे, आणि भाव ठरतो तेव्हा रणांगणावर अजून कोणी आलेलेही नसते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी १९०० साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचा रोख असा, की ते राज्य चार धाडसी पुरुषांनी साधलेला डाव नव्हता. शिंपी, माळी, कुंभार, महार, कुणबी अशा सर्व थरांतील संतांनी आधी समाजाचे मन उंच केले आणि मग त्या समाजाने राज्य उभारले. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, काही रास्तही असतील. पण मोत्ये आणि मोहरा यांचाच इतिहास लिहिण्याची चाल असता या निफाडकराने थैलीतला खुर्दा मेजावर ओतून मोजावयास घेतला, हे विसरता येत नाही.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळूनच हा लेख संपवावा असे दोनदा मनात आले होते. आम्ही एका महाविद्यालयात विभागप्रमुख आहो. आमच्याकडे, इतर ठिकाणी असतात तसेच, तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक असतात. जितके तास घेतले तितक्यांचा मोबदला. सुटीचा नाही, आजारपणाचा नाही, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. वेळापत्रक आम्ही करतो. सकाळी सातचा तास, प्रथम वर्षाचा सव्वाशे मुलांचा वर्ग, परीक्षेची पहाऱ्याची कामे, ही सर्व त्यांच्याकडे जातात. आणि हे करताना आम्ही भाच्याइतकेच कुशल आहो. यात फारसे वावगे नाही, असे आम्ही म्हणत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी एका गुणपत्रकात चूक निघाली. दोन-तीन विद्यार्थ्यांचे वर्ष धोक्यात आले, पालक आले, खुलासा मागविण्यात आला. पत्रकावर दोन सह्या होत्या, एक त्या तरुणाची आणि दुसरी, तपासून पाहिले म्हणून केलेली, आमची. आम्ही तपासले नव्हते. खुलासा आम्ही लिहिला. त्यात खोटे एकही वाक्य नव्हते. केवळ त्याचे नाव पहिल्या ओळीत होते आणि आमचे कोठेच नव्हते. पुढच्या जूनमध्ये त्याची नेमणूक झाली नाही. तो काही बोलला नाही. जाताना ग्रंथालयाची पुस्तके परत करून, पावती आमच्या टेबलावर ठेवून गेला.

'ते मरण्याकरिताच आहेत' असे आम्ही त्या वेळी म्हटले नव्हते. आम्ही म्हटले होते, 'ते तात्पुरतेच असतात.' इंग्रजी वाङ्मयाचा, नीतिशास्त्राचा इतका व्यासंग करून आमची भाषा एवढी सुधारली होती. त्या रात्री मेजावरच्या घोळक्यावर गोळा पडला, दास आणि राक्षस दोन्ही आडवे झाले, मुले आनंदाने ओरडली, आणि आम्ही उठून पाणी पिण्यास आत गेलो.

अकरा वाजता विंचूरचा मुलगा कानटोपी घालून निघाला. भाचा एकेक पुतळा कापसाच्या खणात ठेवू लागला. आम्ही एक दास उचलून पाहिला. करंगळीच्या पेराएवढे ते तोंड, आणि त्यात दोन डोळे, प्रत्येकात बुबुळ. भाचा म्हणाला की दोन संध्याकाळींत राक्षस रंगवून झाला, पण या चाळिसांस उन्हाळ्याची अख्खी सुटी गेली. पैसेही त्यांच्यावरच अधिक गेले. गुणांच्या हिशेबात स्वस्त असलेली सेना पेटी विकत घेताना सर्वांत महाग पडते, असे त्याने हसत सांगितले. "मग डोळे कशाला काढलेस? लांबून दिसत नाहीत," आम्ही विचारले. तो म्हणाला, "जवळून दिसतात ना, मामा."

खण भरले. त्याने मोजले, पुन्हा मोजले. एकोणचाळीस होते. बहीण आतून म्हणाली, "राहू दे रे, सकाळी केर काढताना सापडेल." तो ऐकेना, केरात गेला तर, म्हणाला. त्याने मेज सरकविले, सतरंजी उचलली, आणि थंडगार फरशीवर पालथा पडून कपाटाखाली हात घातला. आम्ही गुडघे टेकून त्याच्याजवळ बसलो आणि बॅटरी धरली.